दाह शरीराचा, दोष सुनेचा

रुग्णालयात कार्यालय अधीक्षक म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात डॉ. कुमुदताईंशी माझी पहिली भेट झाली, आणि ती वादानेच झाली. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक उचलून स्त्रियांच्या तपासणीच्या खोलीत ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारण विचारले. त्यांनी मला भिंगाला डोळा लावायला सांगितले. एक इवलासा जीव शेपट्या हलवत धडपडत होता. नमुना थंड होत गेला तशी त्याची हालचाल मंदावली आणि थांबली.

"प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत हेच होतं. मग अहवाल येतो, काही नाही. आणि घरचे म्हणतात, बाई ढोंग करते," त्या म्हणाल्या. सूक्ष्मदर्शक त्याच दुपारी हलला.

तो जीव म्हणजे ट्रायकोमोनास, शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी. डॉक्टरांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक समितीने 'विषय जरा सभ्य ठेवा' असे सुचवले होते. डॉक्टरांनी आयुष्य ज्या विषयाला दिले तो मला असभ्य वाटत नाही, म्हणून तो येथे आहे. या परजीवीच्या पोटात काही वेळा जिवाणू वस्तीला असतात. असा सोबती असला की शरीरात दाह अधिक भडकू शकतो, आणि परजीवीवरचे औषध त्या जिवाणूला लागू पडत नाही. म्हणून एकीला जेमतेम खाज सुटते, तर दुसरीला बसवत नाही. दाहावरून चारित्र्य मोजू नका, हे डॉक्टर आम्हा सर्वांना सांगत आल्या. ऐकले फार थोड्यांनी.

नवऱ्यावरही उपचार झाल्याशिवाय हा आजार हटत नाही. आमच्याकडे नवरे फाटकाबाहेर मोटारसायकलवर थांबतात. त्यांच्या वाट्याच्या गोळ्या बायका घरी नेत आणि गुपचूप स्वतःच खाऊन टाकत. नवऱ्याला सांगायची हिंमत नसे आणि औषध फेकवत नसे. हे कळताच डॉक्टरांनी नियम केला: नवऱ्याने आत येऊन गोळी डॉक्टरांसमोरच गिळायची.

घनसावंगीकडची एक तरुण सून सासूबरोबर आली. दाह भयंकर होता. मोठ्या शहरातून तपासून आणलेल्या नमुन्यात परजीवीसोबत जिवाणूही निघाला.

"एवढी आग होती म्हंजे हिचं पापबी तेवढंच असंल," सासू म्हणाली.

"मावशी, आग जंतूंनी होते. तुमच्या मुलालाही ते असणार."

"मंग त्याला का न्हाई होत काही?"

"पुरुषांना बहुधा जाणवत नाही. बोलवा त्याला आत."

तो आला नाही. डॉक्टर स्वतः फाटकापर्यंत गेल्या. तो एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला होता.

"मॅडम, मी बिलकुल बराबर आहे. बायांच्या दवाखान्यात मला कशाला नेऊन राह्यल्या?" असे म्हणून त्याने गाडीला किक मारली.

दोन्ही औषधांनी सून बरी झाली, घरी गेली आणि पुन्हा आजारी पडली. मग तिला हसनाबादला माहेरी धाडण्यात आले. डॉक्टर आपण होऊन सासरी गेल्या. तेथे त्यांना चहा मिळाला, मुलाच्या उपचाराचे नाव कोणी काढले नाही. पुढे सोडचिठ्ठी झाली.

गेल्या वर्षी तीच सासू दुसरी सून घेऊन आली. तक्रार तीच, दाहही तसाच.

"डॉक्टरबाई, आमचं नशीबच फुटकं. हीबी तसलीच निघाली."

डॉक्टरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही तो चढला नाही. "मावशी, मुलगा कुठे आहे?" एवढेच त्यांनी विचारले. तो फाटकाबाहेर होता. आत आला नाही.

डॉ. कुमुदताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. समारंभात शाल देणाऱ्यांत फाटकाबाहेर थांबलेले अनेक जण असतील. डॉक्टरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी मनापासून प्रार्थना करतो. या प्रार्थनेत आमचा स्वार्थ आहे. फाटकापासून तपासणीच्या खोलीपर्यंत चालत यायला या जिल्ह्यातील पुरुषांना अजून बरीच वर्षे लागतील. आणि ते पोहोचेपर्यंत आमच्या लेकीसुनांवर विश्वास ठेवणारे कोणीतरी त्या खोलीत असायला हवे.