पंपाची खंडेनवमी

यंत्र माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवते, हे या शतकाचे सर्वात मोठे वरदान आहे. हे वाक्य मी लोंढ्याजवळच्या जंगलात, मँगनीजच्या खाणीवर, मांडवात उभा राहून ऐकले. मॅनेजरसाहेब पंपाकडे हात करून बोलत होते. पंपाच्या गळ्यात झेंडूचा हार होता. पंपाला गळा नसतो, पण हार घालणाऱ्यांनी तो शोधून काढला होता.

खाण म्हणजे उघडा, खोल खड्डा. पावसाळा नुकताच सरलेला, चारी अंगांनी झरे फुटलेले. पूर्वी बैल मोटेने ते पाणी उपसायचे. वाफेचा पंप आला आणि मोटा अडगळीत गेल्या. पंप थांबला की खड्ड्याची विहीर होते, हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक होते.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे या दिवशी हत्यारे धुऊन, कुंकू लावून पाटावर मांडतात. त्यांना काम सांगत नाहीत. साहेबांना देशी रीतीचा फार आदर. त्यांनी पंप थंड करून धुवायला लावला आणि त्याला सुट्टी दिली. खणणाऱ्यांनीही सुट्टी मागितली, तेव्हा म्हणाले, "कुदळी तुमच्या घरच्या. त्यांची पूजा घरी करा. इथं वॅगनी भरायच्या आहेत."

माझा थोरला भाऊ खाली खणायला होता; मी वर तेलाच्या कोठीवर. उतरताना तो म्हणाला, "धाकल्या, देवाला सांग, फुडल्या जल्मी मला पंप कर."

"अण्णा, पाणी वाढलं की वर ये."

"व्हय, साहेबानं आरतीला बोलावलं तर येतो की."

आरती चालू असतानाच ओली कड ढासळली. बाकीचे वर पळाले. अण्णाचा पाय दरडीखाली अडकला आणि पाणी त्याच्या कमरेला आले. मी मांडवात जाऊन ओरडलो, "पंप सुरू करा!"

"आधी आरती होऊ द्या," साहेब म्हणाले. "शिवाय बॉयलर थंड आहे. वाफ धरायला वेळ लागतो."

दुसरी गोष्ट खरी होती. पहिलीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही प्रसादाची पातेली उचलली आणि शिरा तिथेच जमिनीवर ओतला. पुजारी किंचाळला, "अरे, सोवळ्यातली भांडी!"

"गप बसा भटजी," खालून आलेला एकजण म्हणाला, "न्हाय तर तुमालाच खाली सोडतो. वंजळीनं उपसा."

पायऱ्यांवर रांग लावून आम्ही उपसत राहिलो; काहीजण हातांनी दरड उकरत होते. पाणी अण्णाच्या हनुवटीपर्यंत चढले आणि तिथे अडले. शेवटी पाय मोकळा झाला, पण तो पाय म्हणण्यासारखा उरला नव्हता.

"शिरा ऱ्हायलाय का रं?" अण्णाने विचारले आणि त्याची शुद्ध हरपली.

संध्याकाळी पुजाऱ्याने निदान केले: खंडेनवमीला कुदळ चालवली, म्हणून देव कोपला. साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. कुदळ चालवायला लावणारा आणि ती चालत असताना वर दक्षिणा घेणारा, दोघांचे एकमत झाले, आणि गुन्हेगार ठरला तो खाटेवर कण्हत पडलेला. असला निर्लज्जपणा पुढे मी कचेऱ्यांत पुष्कळ पाहिला. तिथे निदान उदबत्ती लावत नसत.

पुढच्या खंडेनवमीला पंप चालू ठेवला होता. अण्णाची कुदळ मात्र रीतीप्रमाणे घरी पाटावर होती, कुंकू लावलेली. धुवावी लागली नाही. वर्षभर ती कुणी वापरलीच नव्हती.