लाईट गेल्याशिवाय बाबली हात लावत नाही

बाबली मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो हवेत होता. शेजारच्या बाबूच्या पडवीत मिक्सरचा प्लग बदलताना त्याला करंट लागला आणि तो जो उडाला, तो तुळशीवरून, वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवरून आणि दोन कोंबड्यांच्या डोक्यावरून थेट माझ्या अंगणात उतरला. वारा पडलेला होता म्हणून बरे, नाहीतर समोरच्या किल्ल्यावरच पोचला असता. हातात पक्कड तशीच. उठून बसला आणि अदबीने मला म्हणाला, "लाईट आसा."

हा आमच्या वाडीचा वायरमन. त्या उड्डाणानंतर त्याच्या बायकोने, रसिकाने, सगळ्यांदेखत बजावले, "परत करंट लागलो तर पक्कड खाडयेत आणि तुमी देवगडाक, माझ्या भावाच्या बागेत!" मेव्हण्याच्या हाताखाली राबायचे, या कल्पनेनेच बाबलीला घाम फुटे. करंट निदान सोडतो तरी.

तेव्हापासून बाबली मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचा आणि तरीही वायरीला हात लावायचा नाही. वाट बघायचा. कसली? लाईट जाण्याची.

"मेनचो काय भरवसो? लाईट गेली काय ती खरी."

आम्ही पर्यटकांसाठी एक खोली काढली आणि माझ्या बायकोने, संचिताने, दिवा असलेला पंखा आणला. खोलीत पंख्याचे एकच बटण. दिव्याला वेगळी वायर बोर्डापर्यंत आणून दुसरे बटण जोडायचे होते. कोल्हापूरचे पहिलेवहिले पाहुणे संध्याकाळी यायचे होते. बाबलीने सकाळीच पंखा टांगला, नवी वायर ओढून ठेवली आणि खुर्चीवर बसला. रसिका नजर ठेवायला दारात.

एरवी कावळा बसला तरी जाणारी लाईट त्या दिवशी जाईना. जेवणे झाली, चहा झाला. पाहुण्यांचा फोन आला, फोंडाघाट उतरले. संचिता मिनिटाला एकदा शेजारच्या घरातला दिवा बघून येई आणि "अजून आसा," असे सांगे, जणू आजाऱ्याची खबर.

अखेर शेजारचा टीव्ही गप्प झाला.

"गेली!" बाबली उठला. बोर्डासमोर हात जोडून त्याने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात नवो पंखो लागता हा. एका बटणान पंखो फिरांदे, दुसऱ्यान दिवो पेटांदे, आणि मधल्यामधी बाबलीक काय होव नको!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघे ओरडलो.

आतल्या खोलीतून 'टीं' असा बारीक आवाज आला.

"कौल दिल्यान!" बाबलीचा चेहरा उजळला. एरवी प्रत्येक वायरीला दहादा टेस्टर लावणारा माणूस, पण देवाने कौल दिल्यावर टेस्टर लावणे म्हणजे देवावर अविश्वास. वरचे जोड झाले. खाली उतरून त्याने बोर्ड उघडला, पक्कड आत घातली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात गेलेली संचिता तिथून ओरडली, "ओ, तो इन्व्हर्टर बंद केलास मां? आत टीं वाजता हा!"

बाबली या वेळी उडाला नाही. तो सावकाश खाली बसला, जणू कोणी पंगतीला बसा म्हटले. डोळे मोठे, ओठ पांढरे. मी धावत जाऊन इन्व्हर्टर बंद केला. परत आलो तेव्हा रसिका त्याचे तळवे चोळत होती.

"लागलो मां?"

"नाय गो. जरा बसलंय."

"मगे हात कित्याक थरथरता?"

बाबलीने हात पाठीमागे घेतले. पाणी पिऊन, यावेळी टेस्टर लावून, त्याने उरलेले काम पुरे केले. रसिकाने बॅटरीचा उजेड धरला. पाहुणे पोचण्याआधी लाईट आली. एका बटणाने पंखा फिरला, दुसऱ्याने दिवा लागला.

पुढच्या सोमवारपासून बाबली देवगडात मेव्हण्याच्या बागेत आंब्याच्या पेट्यांना खिळे मारतो.