भंगुर ताऱ्याच्या खडपावर

देवळाली प्रवराच्या स्टँडवरून सकाळच्या एसटीत बसले, तेव्हा समुद्र बघायची मला काही हौस नव्हती. माझी मुलगी वैशाली रत्नागिरीजवळ समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते. उन्हाळ्यात तिचे वडील शेतात कोसळले. राहुरीच्या दवाखान्यातून आम्ही फोनवर फोन लावले. ती खडकांत होती आणि फोन किनाऱ्यावर पिशवीत. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी तिच्याशी धड बोलले नव्हते. ती काय बघत बसली होती, ते मला बघायचं होतं.

घाटात मला गाडी लागली. शेजारच्या बाईंनी आवळासुपारी दिली. रत्नागिरीला वैशाली घ्यायला आली होती. पार वाळली होती. खोलीवर तिनं तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण केलं. जेवून दोघी लवकर आडव्या झालो.

सकाळी सुकतीला (ओहोटीला) खडपावर (समुद्रात शिरलेल्या खडकांवर) गेलो. मी घसरले, गुडघा फुटला. कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या एका बाईंनी हात दिला.

"वैशालीची आई ना तुमी? त्या दिवशी किनाऱ्यावर फोन बघून तिथंच खाली बसली ती. मीच गाडीत बसवून दिली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तवापासून एक दगड उलटला न्हाई मी," वैशाली म्हणाली.

"उलट. मला बघायचं हाय."

तिनं दोन्ही हातांनी दगड कलता केला. खाली शर्टाच्या गुंडीएवढं अंग आणि त्याला पाच बारीक, पट्ट्यापट्ट्यांचे हात. उजेड लागताच ते वळवळत वाळूत शिरायला लागलं. एक हात तुटून मागं राहिला.

"भंगुर तारा. घाबरला की हात टाकून पळतो. मग नवा फुटतो, हळूहळू."

"एवढ्याशा जिवापायी?"

"रोज संध्याकाळी आबांना सांगायचे मी, आज काय दिसलं ते. त्या दिवशी त्यांच्यासाठीच बघत हुते."

तिचे वडील रोज विहिरीकडे जाऊन फोनवर तिच्याशी बोलत. काय बोलतात, मी कधी विचारलं नव्हतं. मी तिच्याजवळ ओल्या खडकावर बसले. ती रडली, आणि मग मीही. पाणी चढायला लागलं, तसा दोघींनी मिळून दगड होता तसा ठेवला.

परत आल्यावर शेजारणी विचारतात, समुद्र कसा आहे? मोठा आहे, म्हणते. दुःख काही कमी झालेलं नाही. पण इतके दिवस ते माझ्या एकटीचंच आहे असं मी धरून चालले होते, तेवढं आता राहिलं नाही.