बर्फाच्या रेषेखालचा ठिपका

संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतानाच विकत घ्यायचा, तर पारखी नजर लागते. बांधावर उभा राहून माल किती निघेल ते मी सांगतो आणि मालकाशी भांडून माझ्याच भावात सौदा करतो. आष्टीच्या बाजारात जमिनीवर पोतं टाकून बसायचो, तिथून हा धंदा उभा केला. मुलासाठीच केला. त्याने मालवाहू जहाजावर नोकरी धरली आणि तेही मला त्याच्या आईकडून कळवलं. निघताना एवढंच म्हणाला, "मले तुमच्यासारखी घासाघीस नाई जमत, बाबा."

तेव्हापासून त्याचा फोन आला की मी उठून अंगणात जातो.

यंदा मार्चमध्ये, मृग बहाराच्या संत्र्याची शेवटची तोड चालू असताना, त्याचं जहाज कॅनडाकडे निघालं होतं. सून तिच्या सासूला सांगत होती की या दिवसांत ग्रीनलंडकडून सुटलेले बर्फाचे पहाड वाहत त्याच वाटेवर येतात. ती कॉम्प्युटर शिकलेली. उपग्रहावरच्या रडारची चित्रं ती लॅपटॉपवर उघडून बसायची. मी पाणी प्यायला आत गेलो आणि तिच्या मागे उभा राहिलो.

चित्र काळं होतं. तिने समजावलं, हा फोटो नव्हे. उपग्रह वरून लहरी सोडतो आणि परत येतील तेवढ्या टिपतो, म्हणून त्याला रात्र किंवा ढग आडवे येत नाहीत. शांत पाणी काळं दिसतं. बर्फाचा पहाड पांढरा ठिपका दिसतो, लोखंडी जहाजही तसंच. वर, म्हणजे उत्तरेकडे, एक रेष होती, बर्फ साधारण तिथवर येतो म्हणून आखलेली.

मी विचारलं, तो कुठे आहे? रेषेच्या खाली एकटाच एक ठिपका होता. मी त्यावर बोट ठेवलं. ती जरा थांबून म्हणाली, असू शकते.

मग मी रोज विचारायला लागलो. त्या जागेचं चित्र रोज येत नाही, हेही तेव्हाच कळलं. दिवसभर बगिच्यांत हिंडायचो, भाव बोलायचो, पण कोणाशी भांडण होत नव्हतं. एका मालकाने सांगितलेला भाव मी तसाच कबूल केला, तेव्हा तोच माझ्याकडे बघत राहिला.

नवीन चित्र आलं. ठिपका जवळपास तिथेच होता. भीती वाटली असं म्हणता येणार नाही.

"जहाज बंद पडलं काय?"

सून म्हणाली, "मामाजी, थे जहाज नाई. बरफ आहे. रेषेच्या खाली निसटून आलेला."

"मंग पहिलेच काऊन नाई सांगितलं?" माझा आवाज चढला होता. तिची सासू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सून खाली बघून म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदाच त्यांचं नाव काढलं होतं. मले सांगवलं नाई."

ती पुढे म्हणाली की जहाज केव्हाच पुढे गेलंय, कालच फोन आला होता. काल मी अंगणात होतो.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. मी उठलो नाही. सुनेने न विचारता तो माझ्या हातात दिला.

"बाबा?" तो म्हणाला.

मी विचारलं, "बरफ दिसला काय?"

"नाई. आमी लय खालून आलो. नकाशा येते रोज, त्याच्यावर लाईन राह्यते."

"लाईनीच्या खालीबी राह्यते बरफ. म्या पाह्यला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"येताना अजून खालून येजो," मी म्हणालो.

"तेल जास्त लागते, बाबा. कॅप्टन आयकत नाई."

"लागू दे. सांगून पाह्य त्याले. एकदा नाई म्हटलं तर दुसऱ्यांदा सांग."

तो हसला की काय, नीट कळलं नाही. मी फोन सुनेला दिला आणि हात धुऊन जेवायला बसलो. मुलावरचा राग होता तिथेच होता. भाजीत मीठ कमी असल्याचं दोघी म्हणाल्या. मला ते कळलं नव्हतं.