खोक्यातली सवत

फरशीवालीचा आणि मेस्त्रीचा काडीमोड झाला, तेव्हा वाटून घ्यायला दोनच मोठ्या गोष्टी होत्या. मूलबाळ नव्हतं, घर भाड्याचं होतं. गॅरेज त्याच्याकडे गेलं आणि पिकअप तिच्याकडे आली. समोरच्यानं आपल्याला लुबाडलं असं दोघांनाही वाटलं, आणि दोघांचंही थोडंफार खरं होतं. गॅरेजचं एकेक गिऱ्हाईक तिनं गोड बोलून जोडलेलं, आणि पिकअप त्यानं पोटच्या पोरीसारखी जपलेली. त्याच पिकअपमध्ये तिनं पहिल्याच महिन्यात दगडी फरशा भरायला सुरुवात केली. मागचा फाळका चेपला, बाजूला ओरखडे आले. एकदा सिग्नलला मेस्त्री शेजारी येऊन उभा राहिला, त्यानं ते ओरखडे पाहिले आणि सिग्नल हिरवा झाला तरी तो हलेना. मागच्यांनी शिव्या घातल्या तेव्हा कुठे त्यानं गाडी काढली.

तिचं काम असं, की खाणीवरून फरशा भरायच्या, डोंगराची खिंड चढायची आणि पलीकडे उतरून नव्या इमारतींवर पोचवायच्या. वाटेत एक अरुंद पूल होता. त्यावरून मोठा ट्रक जात नसे, म्हणून तर हे काम तिला मिळालं होतं. पण भरलेली पिकअप चढाला लागली की धापा टाकायची. दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत वर जायची, आणि मागे गाड्यांची शेपटी वाढत जायची.

त्या शेपटीत एके दिवशी बांधकामाचा ठेकेदार अडकला. साइटवर पोचल्यावर सगळ्या गवंड्यांसमोर तो म्हणाला, "बाई, तुमच्या मागे लागलो की माझी दाढी वाढते. सकाळी गुळगुळीत निघालो होतो, हे बघा."

गवंडी खो खो हसले. एकानं तर हातातली थापी टाकून पोट धरलं.

"आणि हसण्यावारी नेऊ नका," ठेकेदार पुढे म्हणाला. "माझे फरशी बसवणारे माल येईपर्यंत बसून राहतात. पुढच्या इमारतीला मी दुसरं कुणी बघणार आहे."

फरशीवालीनं फरशा उतरवल्या आणि एक शब्दही न बोलता ती निघाली. जो कुणी तिला ओळखत होता, तो तेवढ्यानंच घाबरला असता. कारण तिच्या तोंडाचा पट्टा कधी बंद नसायचा.

उपाय तिला माहीत होता, आणि त्याचंच तिला जास्त दुखत होतं. तो उपाय मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये एका खोक्यात धूळ खात पडला होता. त्याचं नाव सुपरचार्जर. इंजिन एरवी आपल्या कुवतीनं हवा ओढून घेतं. हे यंत्र त्याच्या डोक्यावर बसतं, पट्ट्यावर फिरतं आणि हवा कोंबून कोंबून आत भरतं. मग पेट्रोलही जास्त जळतं आणि गाडीला जोर येतो. मेस्त्रीनं ते नेमकं याच पिकअपच्या इंजिनासाठी मागवलं होतं. पैसे होते स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचे, आणि ते तिनं साठवलेले. खोकं घरात आलं तेव्हाच तिला कळलं.

"मला विचारलं का नाहीस?" असं तिनं तेव्हा विचारलं होतं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला होता.

लग्न मोडलं ते त्या वाक्यावर. वाक्य तसं नवं नव्हतं. घर बदललं ते असंच, तिची स्कूटर विकली तीही अशीच. पण या वेळी तिनं त्या खोक्याचं नाव 'सवत' ठेवलं आणि बॅग भरली. पुढे खोकं त्याच्याकडे राहिलं, गाडी तिच्याकडे गेली. एकमेकांशिवाय दोन्ही वस्तू बिनकामाच्या झाल्या, पण दोघांपैकी एकानंही तसं कबूल केलं नाही.

आधी तिनं दुसरीकडे चौकशी केली. एका मेकॅनिकनं हात जोडले. दुसरा म्हणाला, करून देतो, पण इंजिन फुटलं तर माझ्याकडे यायचं नाही. तेव्हा ती नाइलाजानं गॅरेजची पायरी चढली.

दारातच टेबलाशी मेस्त्रीची बहीण, म्हणजे तिची एके काळची नणंद, फोन घेऊन बसलेली. फरशीवाली गेल्यापासून ती जागा तिनं धरली होती. एरवी "वहिनी, वहिनी" करणारी ती आता नखं बघत म्हणाली, "नंबर लागलाय का तुमचा, बाई?"

"भावाला बोलाव."

"ते कामात आहेत."

"गाडीखालून पाय दिसताहेत त्याचे. अरे ए, बाहेर ये!"

मेस्त्री बाहेर आला. फडक्याला हात पुसत त्यानं तिच्याकडे नाही, तिच्यामागच्या पिकअपकडे पाहिलं. "काय हाल केलेत तुम्ही गाडीचे!" तो म्हणाला. काडीमोडानंतर तो तिला 'तुम्ही' म्हणायला लागला होता, आणि ती त्याला 'अहो' सोडून 'अरे'. दोघांचाही उद्देश एकच, समोरच्याला टोचायचं.

"सवत बसवायची आहे," ती म्हणाली.

त्याला लगेच कळलं. त्याचे कान लाल झाले. "ते खोकं माझं आहे."

"माझ्या ओट्याचं आहे."

"विकून टाकीन, पण तुम्हाला देणार नाही."

"कुणाला विकशील? इतकी वर्षं पडलंय. त्या मॉडेलच्या गाड्या आहेत किती, आणि घेणारे किती?"

नणंद मध्येच म्हणाली, "दादा, हिला सरळ घालव. आधी गाडी नेली, आता सामान न्यायला आली."

"तू फोन उचल," दोघं एकदमच तिच्यावर ओरडले. फोन खरंच वाजत होता.

बराच वेळ खडाजंगी झाली. शेवटी मेस्त्रीनं अट घातली. बसवीन तर मीच बसवीन, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. तिनं आपली अट घातली. काम चालू असेल तेव्हा मी इथेच उभी राहीन, आणि मला न विचारता एक नटही फिरवायचा नाही.

"मला शिकवणार तुम्ही?"

"शिकवत नाहीये. बजावतेय."

काम सुरू झालं. त्यानं इंजिनाच्या वरची हवेची नळकांडी उतरवली, तोंडं फडक्यांनी झाकली. खोकं उघडलं तेव्हा आतलं यंत्र अजून तेलकट कागदात गुंडाळलेलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, अगदी तान्ह्या बाळासारखं, आणि ते बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली. लग्नात तिचा हात धरतानाही त्यानं एवढी काळजी घेतली नव्हती, असं ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या गाडीचा मालक खोकल्याचं नाटक करत बाहेर गेला.

मेस्त्री प्रत्येक गोष्ट विचारायचा, पण अशा आवाजात की न विचारणं परवडलं असतं. "बाई, जादा पेट्रोल सोडणारे इंजेक्टर लावू का? का तुमची हरकत आहे?" "बाई, कोंबलेली हवा तापते, ती गार करायला पुढे छोटा रेडिएटर लागतो. परवानगी आहे ना?" ती प्रत्येक वेळी "आहे" म्हणायची. तिलाही कळत होतं की तो टोमणा मारतोय. पण विचारत तर होता.

एक दिवस सकाळी ती आली, तर पुढच्या चाकांमागे काहीतरी लाल चमकत होतं. नवे, मोठे ब्रेक. ती घरी गेल्यावर त्यानं बसवले होते.

"हे काय आहे?"

"ब्रेक आहेत. जोर वाढला की तुम्ही ओझं वाढवणार, मी ओळखतो तुम्हाला. खिंडीपलीकडच्या उतारावर जुने ब्रेक पुरणार नाहीत."

"मला विचारलंस?"

"पैसे नाही मागितले तुमच्याकडे."

"मी पैशांचं बोलतेय का? मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर—" तो थांबला. पुढचं वाक्य दोघांनाही पाठ होतं.

"काढ," ती म्हणाली.

"वेडबिड लागलंय का? हे चांगले ब्रेक आहेत."

"सोन्याचे असू देत. काढ. माझे जुने लाव, माझ्यासमोर लाव."

नणंदेनं कपाळावर हात मारला. मेस्त्रीनं पान्हा जमिनीवर असा आपटला की तो उडून टायरला लागला. मग त्यानं चाकं उतरवली, नवे ब्रेक काढले, जुने लावले. सबंध सकाळ त्यात गेली.

चाचणीला गाडी ती चालवणार आणि तो शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणार असं ठरलं, कारण इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवी हवा आणि नवं पेट्रोल समजावून सांगावं लागतं. एकाच केबिनमध्ये बसायची वेळ त्यांच्यावर काडीमोडानंतर पहिल्यांदाच आली. तिनं आपल्या बाजूची काच उघडली, त्यानं आपल्या बाजूची.

"हळूहळू दाबा."

"मला येते गाडी चालवता."

तिनं पाय दाबला. पुढून एक बारीक, चढत जाणारी शिट्टी आली आणि पिकअप अशी उसळली की त्याचं डोकं मागे आपटलं. तिला हसू फुटलं. तिनं आणखी दाबलं. तेवढ्यात इंजिनातून कुणी डब्यात खडे हलवावेत असा आवाज आला.

"अगं, पाय सोड! सोड पाय!" तो किंचाळला.

तिनं पाय सोडला. आवाज थांबला. ते 'अगं' केबिनमध्येच घुटमळत राहिलं. त्याला ते परत घेता येईना आणि तिला उचलता येईना. मग त्यानं घसा साफ केला आणि "साधं पेट्रोल भरलंय का तुम्ही? महागातलं भरायला सांगितलं होतं," असं खेकसला.

"महागातलंच आहे. पावती दाखवू?"

त्यानं लॅपटॉपवर पाहिलं. चूक त्याच्याच आकड्यांत होती. त्यानं ते सांगितलं नाही. नुसती बटणं दाबत बसला. तिनं मात्र ओळखलं, आणि गॅरेजवर पोचेपर्यंत "पेट्रोल साधं होतं का रे?" असं पुन्हा पुन्हा विचारून त्याचा जीव नको केला.

पुढच्या आठवड्यात ती फरशा भरून खिंडीला निघाली. मेस्त्री म्हणाला होता तसंच झालं, तिनं नेहमीपेक्षा जास्त ओझं भरलं होतं. चढावर तिला समोर ठेकेदाराची गाडी दिसली. तिनं तिसरा गिअर टाकला, शिट्टी चढली, आणि भरलेली पिकअप त्याच्या शेजारून भुर्रकन पुढे गेली. जाताना तिनं हनुवटीवरून हात फिरवला, दाढी चाचपावी तसा. त्याचा आ वासलेला चेहरा तिला आरशात दिसला. एवढं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

खिंड ओलांडली आणि उतार लागला. पहिल्या दोन वळणांना काही वाटलं नाही. मग जळका वास आला. मग पायाखालचा ब्रेक मऊ पडला, चिखलात पाय रुतावा तसा. तिनं गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला, आणि कशीबशी गाडी वळणाशेजारच्या मोकळ्या जागेत, खडीत घातली. पिकअप थांबली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता.

ती खाली उतरून चाकांकडे बघत असतानाच ठेकेदाराची गाडी आली. त्यानं वेग कमी केला, काच खाली केली आणि हनुवटीवरून हात फिरवत दात विचकत निघून गेला.

घाबरली होती ती एका मिनिटापुरती. नंतर तिला आला तो संताप. ठेकेदाराचा, ब्रेकचा, आणि सगळ्यात जास्त मेस्त्रीचा, कारण तो बरोबर होता. तो चुकला असता तर किती बरं झालं असतं! चाकं गार झाल्यावर ती हळूहळू उतार उतरली, फरशा पोचवल्या, ठेकेदाराचे टोमणे गिळले, आणि रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगवत परत आणून थेट गॅरेजमध्ये घातली.

वास तिच्या आधीच आत शिरला होता. नणंद उठून उभी राहिली. "दादानं सांगितलं होतं की नाही? तोंडावर आपटली ना!"

मेस्त्री चाकाशी वाकला. हात न लावता त्यानं नुसता तळहात जवळ नेला आणि काढून घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुठे झालं?"

"उतारावर."

"लागलं कुठे?"

"मला नाही. तुझ्या गाडीला नाही," ती म्हणाली, आणि 'तुझ्या' म्हटल्याचं लक्षात येऊन आणखी चिडली. "ब्रेक बसव. आणि ऐक. तू म्हणाला होतास म्हणून नाही. मी सांगतेय म्हणून."

तो काहीतरी बोलणार होता. तोंडापर्यंत आलेलं त्यानं आवंढ्याबरोबर गिळलं. त्याच्या बहिणीनंही ते पाहिलं, आणि तिला अजिबात आवडलं नाही.

"नुसते पुढचे का मागचेही?" त्यानं विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"चारी."

"बरं."

त्या खिंडीतून फरशीवाली आता रोज जाते. पुढच्या इमारतीच्या फरशा तिच्याच गाडीतून गेल्या. ठेकेदाराला ते कबूल करायचं जिवावर येतं, म्हणून तो फरशांच्या कडाच तपासत बसतो. पिकअप मेस्त्रीकडेच सर्व्हिसिंगला येते आणि दर खेपेला भांडण होतं. तो म्हणतो, तुम्ही गाडी बैलासारखी राबवता. ती म्हणते, पट्टा किंचाळतोय. तो म्हणतो, पट्टा नाही, तुम्ही किंचाळताय. एकदा नणंद वैतागून म्हणाली, नवरा-बायको होतात तेव्हासुद्धा एवढं बोलत नव्हता. त्यावर दोघंही तिच्यावर तुटून पडले.

परवा त्यानं विचारलं, गाडीचे ओरखडे काढून रंग मारून देऊ का. तिनं थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला, आणि पुन्हा गाडीखाली शिरला.