परत सांगा

लिमये मॅडम काहीही समजावून झालं की म्हणत, "आता मला यातलं काही कळत नाही असं धरा आणि परत सांगा." समोरच्यानं "हो मॅडम, समजलं" म्हटलं तर ओठ आवळून म्हणायच्या, "'हो मॅडम' हे उत्तर नाही, नमस्कार आहे. नमस्कार पोचला. आता सांगा." शनिवार पेठेतल्या आमच्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत त्या करिअर मार्गदर्शनाचं काम बघत. घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेली आम्ही मुलं त्यांच्या दाराशी रांग लावायचो.

माझे वडील खडकीला कारखान्यात हेल्पर. मला आयुष्यात पहिल्यांदा 'अहो' म्हटलं ते मॅडमनी. एका नोकरीच्या अर्जाबद्दल मी "घरी विचारून सांगते" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जरूर विचारा. पण नेमकं काय विचारणार, तेवढं मला सांगून जा." मला भयंकर राग आला होता. घरी गेल्यावर लक्षात आलं, काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं.

'परत सांगा'ची सवय मात्र त्यांना आधीपासून नव्हती. ती लागली वैशालीमुळे, आणि वैशालीचं जे झालं त्यात मी आहे.

वैशाली वर्ध्याची, माझ्या वर्गातली, माझ्याहून हुशार. एक कंपनी आमच्यातून एकच जागा भरणार होती. यादीत ती पहिली, मी दुसरी. गुरुवारी तिला दोन ओळींचा इंग्रजी मेल आला: आपल्या निवडीच्या संदर्भात शुक्रवारपर्यंत रिव्हर्ट करा. तिनं मोबाइलवर अर्थ शोधला. 'परत जाणे, पूर्वस्थितीला येणे.' ती मॅडमकडे धावली, पण तिथे ही गर्दी. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "उद्या या." जिन्यात तिनं मला मेल दाखवला.

"नोकरी वापस घेतली काय व यायनं?"

"तसंच दिसतंय गं," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती गाडीत बसून वर्ध्याला निघून गेली.

मंगळवारी तोच मेल मला आला. मॅडमनी चष्म्यावरून वाचून सांगितलं, "रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. हे ऑफिसातलं इंग्रजी आहे. होकार कळवून टाका." वैशालीचं नाव अगदी ओठांवर होतं. सांगितलं असतं तर मॅडमनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला असता, तेवढी धमक त्यांच्यात होती. मी "हो मॅडम" म्हटलं, बाहेर आले आणि होकार पाठवला.

वर्षभरानं वैशालीच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा मॅडमनी तिला फोन केला आणि सगळा उलगडा झाला. जिन्यातलं माझं बोलणं तिनं सांगितलं नाही. मॅडम मला म्हणाल्या, "ती माझ्या दारात उभी होती हो. मी वर बघितलंसुद्धा नाही." त्यानंतर त्या प्रत्येकाकडून सगळं वदवून घेऊ लागल्या. रांग हलायची नाही, मुलं कंटाळायची, तरी त्या सोडत नसत. दोष माझाही होता, पण मी तो सगळाच्या सगळा त्यांच्या डोक्यावर राहू दिला. याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी त्या फार आजारी होत्या, म्हणून वारज्याला त्यांच्या घरी गेले. निघताना त्यांनी हात धरला.

"त्या मंगळवारी तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलंत आणि मिटलंत."

"नाही मॅडम, कुठे काय."

"मला नकाच सांगू," त्या म्हणाल्या. "तिला सांगा."

पंधरा दिवसांनी मॅडम गेल्या.

वैशाली दर दिवाळीला आठवणीनं फोन करते. यंदाही केला. "तुही नोकरी बरी चालू आहे ना व?" तिनं विचारलं. मी "चाललीय बरी" म्हटलं आणि तिच्या मुलीची चौकशी केली.