लाल रेघांचं मखर

आमच्या गौरींचं मखर मी स्वतः, पूर्ण शुद्धीत आणि मिलिमीटरमध्ये मोजून बिघडवलं.

याला कारण माझी धाकटी जाऊ मृणाल. मुलगी गुणी आहे. (हे वाक्य लिहिताना मला मध्येच उठून पाणी प्यावं लागलं.) आदल्या वर्षी तिनं गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाच्या गणपतीला लेझरनं कापलेलं लाकडी मखर केलं. कमानी काय, जाळी काय, मागून सोडलेला पिवळा उजेड काय! गौरी मात्र माझं लग्न झाल्यापासून आमच्या सिडकोतल्या घरी बसतात, माझ्या जरीच्या साडीच्या पडद्यापुढे. त्या पडद्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. पण त्या वर्षी सासूबाई जेवता जेवता सहज म्हणाल्या, "मृणालकडे जागाही मोठी आहे, नाही? पुढल्या वर्षी गौरी तिकडेच बसवायच्या का?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. गौरी म्हणजे थोरल्या सुनेचा मान! तो चार फळ्यांपायी धाकटीकडे जाणार?

"आई, पुढल्या वर्षी आपल्याकडेच लेझरचं मखर!" मी जाहीर करून टाकलं. "आणि डिझाइन मी करणार!"

"तू?" आमचे हे म्हणाले.

"का? कॉलनीच्या रांगोळी स्पर्धेत पहिला नंबर कोणाचा असतो?"

"अगं, पण रांगोळी जमिनीवर काढतात."

मी ताटं उचलायला घेतली. (जरा जास्तच आवाज करत.)

श्रावणात मी कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते शिकवणारा व्हिडिओतला माणूस इतक्या घाईत बोलायचा की त्याची रेल्वे सुटत असावी. पहिल्या दिवशी मी काढलेला मोर कागदावर छापला, तर तो पोस्टाच्या तिकिटाएवढा आला. मग कळलं की मोजमाप पिक्सेलमध्ये होतं, ते मिलिमीटर करायला हवं होतं. ते केलं, तर मोराची मान एवढी ताणली गेली की तो उंट वाटायला लागला.

आमचे हे ओझरला विमानांच्या कारखान्यात आहेत. घरात त्यांचा स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर आहे आणि दिवाळीत ते माझ्या चकल्यांची जाडी त्याच्यावर मोजतात. तेव्हा ते या कामात पडणार हे उघडच होतं.

"हे बघ, अचूकपणा हवा. विमानात केसाएवढा फरक चालत नाही."

"मी विमान करत नाहीये हो, मखर करतेय!"

"मखर पडलं तर गौरींच्या अंगावर पडेल," ते गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी माझ्या मोराचा डोळा मोजायला घेतला.

एके दिवशी चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि काय सांगू, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके उमटले! ओळीनं, समान अंतरावर! मला माहेर भेटल्यासारखं झालं. मी भराभर ठिपक्यांची रांगोळी मांडली. कमळं, मोर, गोपद्म, वेल, सगळं. प्रत्येक ठिपक्यावर एक छोटं वर्तुळही काढलं, कारण ठिपक्यांशिवाय रांगोळी बोडकी दिसते. मधून मधून मोबाइलवर मृणालच्या मखराचा फोटो मोठा करून त्यात दोष शोधायचे. एका कोपऱ्यात खिळा तिरका दिसला. पुढचे दोन दिवस माझा स्वयंपाक फार चांगला झाला.

गावातल्याच द्वारका चौकात लेझर कटिंगचं दुकान आहे. तिथल्या रफिकभाईंनी मला नियम समजावून सांगितला होता. मशीनचा आवाज एवढा की ते ओरडतच होते, "ताई, ध्यान में रखना! लाल रेघ असली की मशीन आरपार कापतं! काळी रेघ असली की फक्त वरवर कोरतं! नक्षी काळी ठेवा, बाहेरची बॉर्डर लाल!"

मी मान डोलावली. घरी आले, कॉम्प्युटर उघडला आणि थबकले. काळी? गौरीला? संक्रांत सोडली तर आमच्या घरात शुभकार्याला काळ्या रंगाचा दोरासुद्धा चालत नाही! आणि मी देवीच्या मखरात काळ्या रेघा भरू? वर सासूबाईंनी पडद्यावर पाहिलं तर गौरी त्याच संध्याकाळी गंगापूर रोडला! मी सगळं चित्र निवडलं आणि एका झटक्यात कुंकवासारखं लालभडक करून टाकलं. मोर लाल, कमळं लाल, ठिपके लाल. इतकं प्रसन्न दिसत होतं! मी तर पडद्यालाच नमस्कार केला.

फाइल पाठवल्यावर रफिकभाईंचा फोन आला. "ताई, सगळंच लाल आहे. बराबर आहे ना?"

"भाऊ, गौरीचं काम आहे. लालच हवं."

"तुमची मर्जी. सध्या गणपतीची गर्दी आहे, मला परत इचारायला टाइम नाही."

गौरी यायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. "ताई, माल तयार आहे. दोन गोण्या भरल्यात."

दोन गोण्या! मृणालचं अख्खं मखर एका खोक्यातून आलं होतं. माझं दोन गोण्या! मी लगेच तिला फोन लावला. "अगं, संध्याकाळी ये ना. मखर उघडायचंय. आई गणपतीपासून तुझ्याकडेच आहेत, त्यांनाही घेऊन ये."

संध्याकाळी सगळे जमले. सासूबाई खुर्चीवर, मृणाल त्यांच्याशेजारी, हे कॅलिपर घेऊन उभे. मी हळदीकुंकू वाहिलं आणि पहिली गोणी सतरंजीवर रिकामी केली.

खळखळ आवाज करत लाकडाच्या चकत्या, त्रिकोण आणि पाकळ्या चहूकडे पसरल्या. दुसऱ्या गोणीतूनही तेच! धड निघाली ती फक्त बाहेरची चौकट. तिच्यातून समोरचा फ्रिज स्पष्ट दिसत होता.

सासूबाईंनी चष्मा लावला. "सुनंदा, हे चुलीत घालायला आणलंस का गं?"

मृणालनं एक चकती उचलली, मोराचा अर्धा पंख उचलला आणि अगदी हळू विचारलं, "ताई, सगळ्या रेघा लाल होत्या का?"

"मग काय काळ्या ठेवू? देवीला?"

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला रागवता तरी आलं असतं!

तेवढ्यात कोपऱ्यातून हे आनंदानं ओरडले, "पण माप बघा! एकूण एक चकती सहा मिलिमीटर! तसूभर फरक नाही!"

मला रडू फुटलं. खरं सांगते, मखराचं एवढं वाटत नव्हतं. उद्या दारातून गौरी आत येतील आणि पुढच्या वर्षीपासून कधीच येणार नाहीत, या विचारानं रडू आलं. मृणालनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दिरांना फोन लावला. "अहो, आपलं मखर टेम्पोत घाला आणि ताईंकडे घेऊन या. हो, आत्ता."

मखर आलं. माझ्या हॉलमध्ये ते असं चपखल बसलं की जणू माझ्याच भिंतीचं माप घेऊन केलं होतं. (तिरका खिळाही तिनं काढून टाकला होता.) सासूबाईंनी आधी मखराकडे, मग माझ्या रडक्या तोंडाकडे बघितलं आणि निकाल दिला. "गौरी थोरलीच्या घरातून हलायच्या नाहीत. मखर धाकटीनं आणायचं, स्वयंपाक थोरलीनं करायचा. दरवर्षी असंच."

जिंकले! मी जिंकले! त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी आणि गंगापूर रोडपासून सायखेड्यापर्यंतचे सगळे नातेवाईक. मी गॅसपुढे पोळ्या लाटत होते आणि बाहेरून ऐकू येत होतं, "वा! काय मखर आहे! मृणाल, इकडे बघ! अजून एक फोटो!" पैठणी नेसलेली मृणाल गौरींशेजारी अशी उभी होती की तिसरी गौरच!

मी आमटीचं भलंमोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून बाहेर आले. सासूबाईंनी हात वर केला. "सुनंदा, जरा बाजूला हो गं. फोटोत पातेलं येतंय."

मी बाजूला झाले. शेवटी गौरी माझ्या होत्या, मान माझा होता आणि पातेलंही माझंच होतं!